जँगो अ‍ॅडमिनमधलं देखरेखीचं पान: आत काय ठेवावं, बाहेर काय

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दूध संकलनाचं सॉफ्टवेअर जँगोवर, म्हणजे पायथॉनमधल्या वेब फ्रेमवर्कवर, आहे. केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातल्या घन घटकांच्या) नोंदी येतात, सेलरी (मागच्या मागे कामं उरकणारा भाग) दर काढून शेतकऱ्याला एसएमएस पाठवते आणि दर दहा दिवसांनी बिलं निघतात. पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (कामांची रांग ठेवणारा), गनिकॉर्न (वेबवरच्या विनंत्या हाताळणारा), सेलरी सगळं एकाच सर्व्हरवर. मध्यंतरी एका रात्री सेलरीचा वर्कर, म्हणजे ती कामं प्रत्यक्ष करणारी प्रोसेस, बंद पडला आणि ते तुम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी, शेतकऱ्यांचे फोन यायला लागल्यावर. आता व्यवस्थापक म्हणताहेत की अ‍ॅडमिनमध्येच (म्हणजे जँगोसोबत आयत्या येणाऱ्या व्यवस्थापनाच्या पडद्यांत) एक पान द्या, उघडलं की सगळं नीट चाललंय का ते दिसलं पाहिजे. हे बांधावं की ग्राफाना (आकड्यांचे आलेख दाखवणारं देखरेखीचं साधन) बसवावं, आणि बांधायचं तर कुठून सुरुवात करावी, असं तुम्ही विचारलंय.

बांधा. दोघांच्या टीमला, एका सर्व्हरसाठी, असं पान ग्राफानापेक्षा जास्त उपयोगी पडतं. पण ज्या रात्रीमुळे हा विषय निघाला त्या रात्री हे पान असतं तरी तुमची अडचण सुटली नसती, कारण रात्री दोन वाजता अ‍ॅडमिन उघडून कोणी बसलेलं नसतं. तुमच्या प्रश्नात दोन गरजा एकमेकींत मिसळल्या आहेत. काहीतरी बिघडलंय हे वेळेत कळणं ही एक, आणि कळल्यावर नेमकं काय अडकलंय ते बघून मोकळं करणं ही दुसरी. दुसऱ्या गरजेला अ‍ॅडमिनसारखी सोयीची जागा दुसरी नाही. पहिलीचं काम मात्र सर्व्हरच्या बाहेरच्याच कोणीतरी केलं पाहिजे.

असं का म्हणतो ते अ‍ॅडमिनच्या जन्मातच आहे. जँगो तयार झाला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कचेरीत, आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. अ‍ॅडमिन हा तिथल्या संपादकीय लोकांनी मजकूर भरायचा भाग. म्हणजे समोर माणूस बसलाय, तो टेबलातल्या नोंदी बघतोय आणि बदलतोय, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. त्या वापरात तो आजही अव्वल आहे. पण तो त्याच प्रोसेसमध्ये, त्याच डेटाबेसवर चालतो. गनिकॉर्नचे सगळे वर्कर एखाद्या मंद क्वेरीत अडकले, तर तुमचं देखरेखीचं पान त्याच रांगेत मागे उभं राहतं. सेंट्री या चुका नोंदवणाऱ्या साधनाचंच बघा. २००८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा जँगोतल्या एक्सेप्शन डेटाबेसात नोंदवणारं एक छोटंसं पॅकेज होती. आज ती स्वतंत्र सेवा आहे आणि चुकांची नोंद तुमच्या डेटाबेसाबाहेर ठेवते. डेटाबेसच आजारी असेल तेव्हा आजाराची नोंद त्याच्यातच करायला गेलं की ती होत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. अ‍ॅडमिन रोज कोण उघडतं? व्यवस्थापक आणि संगणक ऑपरेटर सकाळपासून त्यातच काम करत असतील, तर पान नक्की बघितलं जाईल. फक्त तुम्हीच कधीतरी उघडत असाल, तर एवढी मेहनत घेण्यापेक्षा सूचना मोबाइलवर येण्याची सोय आधी करा. सर्व्हर एकच आहे की उद्या तीन होणार आहेत, यावरही बरंच अवलंबून आहे. खाली जे लिहितोय ते एक सर्व्हर आणि रोज उघडलं जाणारं अ‍ॅडमिन धरून.

आता पानावर काय असावं. बहुतेक जण सीपीयू, मेमरी आणि लोडपासून सुरुवात करतात, कारण ते आकडे सहज मिळतात. व्यवस्थापकांना त्यातलं काही कळत नाही आणि तुम्हालाही त्यावरून फारसं काही ठरवता येत नाही. मी सुरुवात करतो ती धंद्याच्या भाषेतल्या नोंदींपासून, म्हणजे फक्त तुमच्याच टेबलांना माहीत असलेल्या गोष्टींपासून. तुमच्याकडे पहिली ओळ अशी दिसायला हवी: 'सकाळचं संकलन: ४२ पैकी ३९ केंद्रांची नोंद आली, शेवटची ९ वाजून १२ मिनिटांनी.' त्याच्या खाली न आलेल्या तीन केंद्रांची नावं, प्रत्येकासमोर त्या केंद्राची नोंद एरवी किती वाजता येते ते, आणि सचिवांचा फोन नंबर. बस्स. एवढ्यावर ऑपरेटर पुढचं काम स्वतः करतो. वीज गेली होती, नेट नव्हतं, की दुधाची गाडीच आली नाही, हे त्याला एका फोनमध्ये कळतं.

या ओळीकडे नीट बघा. तीन केंद्रांची नोंद आली नाही म्हणून कुठेही एरर पडलेली नसते. लॉग स्वच्छ असतो, सेंट्रीत काही नसतं, सर्व्हर मजेत असतो. जे यायला हवं होतं ते आलं नाही, हे ग्राफानाला आपोआप कळत नाही. ते ओळखायला 'काय यायला हवं होतं' याची यादी लागते, आणि ती तुमच्या डेटाबेसातच आहे. म्हणून या पानाचा खरा जीव 'न घडलेल्या' गोष्टींत आहे. त्याच पद्धतीने दुसरी ओळ फॅट शून्य किंवा अशक्य आलेल्या नोंदींची करा. मशीनची केबल सैल झाली की अशा नोंदी येतात, आणि दहा दिवसांनी बिल निघाल्यावर त्या निस्तरायला फार त्रास होतो.

तिसरी ओळ एसएमएसची. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेने तुमच्या विनंतीला २०० (म्हणजे 'ठीक') असं उत्तर दिलं याचा अर्थ त्याने मेसेज स्वीकारला, एवढाच. आपल्याकडे डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीच्या व्यवस्थेवर) टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला साचा, नोंदवावं लागतं, आणि नोंदवलेल्या मजकुरात आणि तुम्ही पाठवलेल्या मजकुरात फरक पडला तर मेसेज पुढे अडवला जातो. कोणीतरी टेम्प्लेटमध्ये एक शब्द बदलतो आणि डिप्लॉयनंतर एकही मेसेज पोहोचत नाही. तुमच्या कोडला मात्र सगळं यशस्वी वाटत राहतं. म्हणून मेसेजच्या टेबलात 'पाठवला' आणि 'पोहोचला' या दोन वेगळ्या वेळा ठेवा, डिलिव्हरी रिपोर्ट आला की दुसरी भरा. आणि पानावर संख्या दाखवण्यापेक्षा वय दाखवा: 'सगळ्यात जुना न पाठवलेला मेसेज ४ मिनिटांपूर्वीचा.' संकलन संपताना क्यूत (रांगेत) हजार मेसेज असणं नेहमीचंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सगळ्यात जुना मेसेज दीड तासापूर्वीचा असेल तर मात्र वर्कर अडकलाय. संख्येची मर्यादा ऋतूप्रमाणे, केंद्रं वाढतील तसतशी बदलत राहते. वयाची मर्यादा एकदा ठरवली की सहसा बदलावी लागत नाही.

सेलरीची स्थिती थेट सेलरीलाच विचारायचा मोह होतो, आणि तिथे फसायला होतं. रेडिसमधल्या 'सेलरी' नावाच्या यादीची लांबी मोजली तर वर्करने आधीच उचलून ठेवलेली कामं तिच्यात दिसत नाहीत. प्रीफेच मुळात चार पट असतो, म्हणजे वर्करच्या प्रत्येक प्रोसेसमागे चार कामं आगाऊ उचलली जातात. यादी रिकामी दिसते आणि कामं मात्र व्हायची असतात. एखाद्या कामाची स्थिती 'पेंडिंग' आली, तर ते रांगेत आहे किंवा त्या क्रमांकाचं काम कधी अस्तित्वातच नव्हतं, दोन्ही शक्य आहे. सेलरी या दोघांत फरक करत नाही. काम सुरू झाल्याची नोंदही मुळात बंद असते, ती सेटिंगमधून चालू करावी लागते. वर्करना 'आहात का' असं विचारणाऱ्या इन्स्पेक्टच्या कॉलला उत्तराची वाट बघायला एक सेकंद लागतो, आणि तेवढा वेळ गनिकॉर्नचा एक वर्कर त्या पानासाठी अडून राहतो.

सगळ्यात फसवा रकाना आहे जँगो-सेलरी-बीटमधला 'शेवटचं कधी चाललं' हा. तो अ‍ॅडमिनमध्ये आयताच दिसतो, म्हणून लोक त्यावर विसंबतात. पण ती वेळ आहे बीटने, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं सोडणाऱ्या सेलरीच्या भागाने, काम क्यूत टाकल्याची. काम झालं की नाही याचा तिच्याशी संबंध नाही. वर्कर रात्रभर बंद असला तरी बीट दर पाच मिनिटांनी काम टाकत राहतं आणि तो रकाना ताजा दिसत राहतो. तुमच्याकडे बीट वेगळं चालत असेल, तर त्या रात्री तो रकाना बघूनही सगळं ठीक आहे असाच निष्कर्ष निघाला असता.

म्हणून स्वतःचं एक छोटं टेबल करा. प्रत्येक नियमित कामाची एकच रो: कामाचं नाव, किती मिनिटांत एकदा यशस्वी व्हायलाच हवं, शेवटचं सुरू कधी झालं, शेवटचं यशस्वी कधी झालं, शेवटच्या चुकीचा मजकूर. प्रत्येक टास्कवर एक डेकोरेटर (फंक्शनभोवतीचं आवरण) लावा, तो सुरुवातीला एक वेळ आणि यशस्वी शेवटाला दुसरी वेळ लिहील. तपासणी एका ओळीची: आत्ताची वेळ वजा शेवटचं यश, हे मुदतीपेक्षा जास्त झालं का? वर्कर मेला, बीट मेलं, रेडिस भरला, कोडमध्ये चूक झाली, काहीही झालं तरी ही एकच तपासणी ते पकडते, कारण दोष कोणताही असो, यशाची वेळ पुढे सरकत नाही. मी नवीन प्रकल्पात देखरेखीचं काम इथूनच सुरू करतो, आणि बऱ्याचदा पहिल्या वर्षात याच्या पुढे जायची गरजही पडत नाही.

आता हे आकडे काढायचे कुठे. पान उघडल्यावर त्याच क्षणी सगळ्या क्वेरी चालवल्या तर पान मंद होतं, आणि दोन-तीन जणांनी ते उघडून ठेवलं तर डेटाबेसवरचा ताणही वाढतो. एक मॅनेजमेंट कमांड (कमांड लाइनवरून चालणारा जँगोचा कोड) लिहा, ती दर मिनिटाला सगळ्या तपासण्या करेल आणि निकाल एका टेबलात ठेवेल. पानाने फक्त तो निकाल वाचायचा. ही कमांड सेलरीतून चालवू नका. लिनक्सचा स्वतःचा क्रॉन किंवा सिस्टिमडीचा टायमर वापरा. सेलरीच बंद पडली का हे सेलरीने सांगावं अशी अपेक्षा ठेवली, तर ती बंद पडल्यावर पानावर आदल्या रात्रीचा हिरवा निकाल गोठून राहील. त्याच कारणाने पानाच्या माथ्यावर निकालाचं वय ठळक लिहा, 'तपासणी ४० सेकंदांपूर्वीची', आणि ते तीन मिनिटांपेक्षा जास्त झालं तर खालचे सगळे रंग काढून टाकून 'तपासणी बंद आहे' एवढंच दाखवा.

हीच कमांड तुमची पहिली गरजही भागवते. तपासण्या झाल्या आणि सगळं ठीक असलं, की शेवटी तिने बाहेरच्या एका पत्त्यावर हाक मारायची. हेल्थचेक्स नावाची मुक्त-स्रोत सेवा नेमकं हेच करते, आणि ती स्वतःही जँगोत लिहिलेली आहे. ठरलेल्या वेळेत हाक आली नाही, तर ती तुम्हाला कळवते. सर्व्हर बंद पडला, नेट गेलं, डिस्क भरली, टायमरच कोणी बंद केला, या सगळ्यांत एकच गोष्ट घडते: हाक येत नाही. काही लाल असेल तर कमांडने त्याच पत्त्याच्या 'फेल' या शेपटावर हाक मारायची, म्हणजे मुदत संपायची वाट न बघता लगेच सूचना येते. ही सेवा स्वतः चालवायची ठरवलीत तर दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवा. त्याच सर्व्हरवर ठेवल्यास दोन्ही एकदमच जातील. याशिवाय, वर्करच्या सिस्टिमडी फाइलमध्ये 'रीस्टार्ट ऑलवेज' लावलंय का ते आजच बघा. नसेल तर तुमची ती रात्र त्या एका ओळीनेही टळली असती.

इथवर झालं ते असं: कामांचं टेबल, दर मिनिटाची कमांड, बाहेरची हाक. अ‍ॅडमिनमधलं पान अजून सुरूच झालेलं नाही, आणि तरीही पुढच्या वेळी शेतकऱ्याच्या आधी तुम्हाला कळेल. क्रम हाच ठेवा.

पान बांधताना अ‍ॅडमिनसाइटचा स्वतःचा वर्ग करा, पण त्याची वेगळी वस्तू तयार करून वापरू नका. तसं केलंत तर आधी नोंदवलेली सगळी मॉडेलं नव्या अ‍ॅडमिनमध्ये दिसणार नाहीत. जँगो २.१ पासून अ‍ॅडमिन-कॉन्फिगमध्ये 'डीफॉल्ट-साइट' देता येतं, ते द्या, म्हणजे जुन्या नोंदणीला हात लावावा लागत नाही. गेट-यूआरएल्समध्ये तुमचा पत्ता मूळ यादीच्या आधी जोडा, कारण अ‍ॅडमिनचे स्वतःचे पत्ते इतके सैल असतात की ते तुमचा पत्ता आधीच गिळतात. व्ह्यूला (पान तयार करणाऱ्या फंक्शनला) अ‍ॅडमिन-व्ह्यूचं आवरण घाला. लॉगिन, स्टाफची तपासणी आणि पान कॅश न होण्याची व्यवस्था त्यात आलीच. आणि टेम्प्लेटला ईच-कॉन्टेक्स्टमधली माहिती द्यायला विसरू नका, नाहीतर बाजूची यादी आणि माथ्यावरचं नाव गायब होऊन पान परकं दिसतं.

हे ईच-कॉन्टेक्स्ट आणखी एका कामाला येतं. तिथे एक वाक्य घातलं की अ‍ॅडमिनच्या प्रत्येक पानावर वर पट्टी दाखवता येते: '२ केंद्रांची नोंद बाकी, एसएमएस ठीक.' ऑपरेटर देखरेखीचं पान मुद्दाम उघडेलच असं नाही, पण बिलं बघताना ही पट्टी त्याच्या नजरेस पडते. माझ्या अनुभवात पूर्ण पानापेक्षा ही पट्टी जास्त वाचली जाते. फक्त लक्षात ठेवा, हे फंक्शन प्रत्येक पानाला चालतं. त्यात मोजणीची क्वेरी घातलीत तर सगळं अ‍ॅडमिन मंद होईल. तयार निकालाची एक रो वाचा, आणि वाचताना चूक झाली तर पट्टी न दाखवता पान पुढे जाऊ द्या. देखरेखीमुळे मूळ काम बंद पडता कामा नये.

कोडात दोन ठिकाणी जपा. पहिलं, प्रोसेसच्या मेमरीतले आकडे. मॉड्यूलच्या पातळीवर एक काउंटर ठेवला तर गनिकॉर्नच्या प्रत्येक वर्करचा काउंटर वेगळा असतो, आणि पान रिफ्रेश केलं की कधी ३१२ तर कधी ४७ दिसतं. जँगोचा मुळातला कॅशही असाच प्रोसेसपुरता असतो, म्हणून सेटिंगमध्ये रेडिसचा कॅश लावलाय याची खात्री करा. दुसरं, एटॉमिक-रिक्वेस्ट्स ही सेटिंग. हे चालू असेल तर व्ह्यूमध्ये चूक झाली की त्या विनंतीतलं सगळं लिखाण मागे घेतलं जातं, आणि तुम्ही व्ह्यूच्या आत लिहिलेली 'चूक झाली' ही नोंदसुद्धा त्यासोबत पुसली जाते. नेमक्या यशस्वी विनंत्यांच्याच नोंदी उरतात आणि टेबल बघून वाटतं की चुका होतच नाहीत. मिडलवेअर (प्रत्येक विनंतीभोवती चालणारा कोड) त्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर चालतं, चुकीची नोंद तिथून करा किंवा सरळ लॉगकडे द्या.

नोंदींच्या याद्यांसाठी नवीन पडदे बांधू नका, अ‍ॅडमिनची यादीच वापरा. अडकलेले मेसेज, संशयास्पद फॅट यांसाठी पोस्टग्रेसमध्ये एक व्ह्यू (इथे अर्थ जपून ठेवलेली क्वेरी) करा आणि त्यावर 'मॅनेज्ड' बंद असलेलं, म्हणजे जँगो ज्याचं टेबल स्वतः बनवत नाही असं, मॉडेल ठेवा. शोध, गाळणी, तारखेची उतरंड सगळं फुकट मिळतं. नवीन भरणं आणि पुसणं यांची परवानगी नाकारा. यादी मोठी असेल तर 'शो-फुल-रिझल्ट-काउंट' बंद करा, कारण पोस्टग्रेसला पूर्ण टेबल मोजायला रो तपासत जावं लागतं आणि लाखो नोंदींवर ते जाणवतं. ढोबळ आकडा पुरत असेल तर पीजी-क्लास या पोस्टग्रेसच्या अंतर्गत टेबलातला अंदाज घ्या.

पायाभूत गोष्टींपैकी मी पानावर दोनच ठेवतो. डिस्कमध्ये किती जागा उरली हे एक, कारण एकाच सर्व्हरवर सगळं असलं की लॉग किंवा बॅकअप वाढून डिस्क भरणं हा नेहमीचा घात आहे, आणि डिस्क भरली की पोस्टग्रेस लिहिणंच थांबवतं. दुसरं, पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीमधून पाच मिनिटांहून जास्त उघडं असलेलं ट्रान्झॅक्शन आणि एकूण कनेक्शन. कनेक्शनची मूळ मर्यादा १०० असते, आणि सेलरीच्या प्रोसेस वाढवल्या की ती वाटते त्याहून लवकर गाठली जाते. तपासणीच्या क्वेरींना काही सेकंदांचा स्टेटमेंट-टाइमआउट लावा, म्हणजे आजारी डेटाबेसावर तपासणीचंच ओझं व्हायचं नाही.

परवानग्यांकडे बहुतेकांचं लक्ष नंतर जातं, तुम्ही आधी द्या. अ‍ॅडमिन-व्ह्यू फक्त 'स्टाफ आहे का' एवढंच बघतो. तुमच्याकडे केंद्राचे सचिवही स्टाफ असतील तर त्यांना सगळ्या केंद्रांची स्थिती दिसेल. वेगळी परवानगी तयार करा आणि व्ह्यूमध्ये तपासा. चुकीचा मजकूर पानावर दाखवताना त्यात शेतकऱ्याचा मोबाइल, बँक खातं येतं; शेवटचे चार आकडे ठेवून बाकी झाका. पूर्ण ट्रेसबॅक अ‍ॅडमिनमध्ये मुळीच नको.

'पुन्हा पाठवा' ही सोय मात्र नक्की द्या, त्यासाठीच तर हे पान अ‍ॅडमिनमध्ये आहे. ती अ‍ॅडमिन अ‍ॅक्शन म्हणून लिहा, म्हणजे ती पोस्ट प्रकारच्या विनंतीनेच जाते. रकान्यात साधी लिंक देऊन गेट प्रकारच्या विनंतीने पाठवणं सुरू केलंत, तर कोणी लिंक दुसऱ्या टॅबमध्ये उघडली किंवा पान रिफ्रेश केलं की शेतकऱ्याला तोच मेसेज पुन्हा जातो. अ‍ॅक्शनमध्ये मेसेजची रो लॉक करून 'अजून अडकलेलाच आहे ना' हे पुन्हा तपासा आणि काम क्यूत टाकणं ट्रान्झॅक्शन पूर्ण झाल्यावर करा. कोणी काय केलं याची नोंदही स्वतः लिहावी लागते. अ‍ॅडमिनचा इतिहास फॉर्ममधल्या बदलांची नोंद आपोआप करतो, पण अ‍ॅक्शनमध्ये क्वेरीसेटवर थेट अपडेट केलं तर त्यात काहीच उमटत नाही.

दिसण्याबद्दल थोडंच. रंगासोबत शब्द लिहा, 'ठीक', 'उशीर', 'बंद'. लाल-हिरवा फरक सगळ्यांना दिसतो असं नाही. रंग थेट न लिहिता अ‍ॅडमिनचे सीएसएस व्हेरिएबल वापरा, नाहीतर डार्क थीममध्ये अक्षरं बुडतात. अ‍ॅडमिनचं टेम्प्लेट पूर्ण कॉपी करून बदलू नका, बेस-साइट वाढवून फक्त हवे ते ब्लॉक भरा. पुढची आवृत्ती घेताना डोकेदुखी वाचते. सेलरीचा टाइमझोन मुळात यूटीसी (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे) असतो, तिथे आशिया/कोलकाता लिहिलंय का ते तपासा. नाहीतर पहाटे पाचचं काम साडेदहाला चालेल आणि तुमचं पान दर सकाळी विनाकारण 'उशीर' दाखवेल. दोन-चार दिवस खोटा इशारा दिसला की ऑपरेटर खऱ्याकडेही बघेनासा होतो, म्हणून सुरुवातीला मुदती सैल ठेवा आणि महिनाभर बघून आवळा. तपासणीच्या जुन्या निकालांची दर मिनिटाची रो साठवू नका. चालू निकाल एकच आणि स्थिती बदलली तेवढ्याच वेळच्या नोंदी पुरतात.

ग्राफाना कधी? दुसरा सर्व्हर आला, किंवा 'गेल्या महिन्यापेक्षा पान मंद झालंय का' असे प्रश्न पडू लागले, की प्रोमिथियस आणि ग्राफाना बसवा. काळानुसार आकडे साठवणं आणि आलेख काढणं हे त्यांचं काम आहे, पोस्टग्रेसच्या टेबलात आणि अ‍ॅडमिनच्या टेम्प्लेटमध्ये ते ओढूनताणून करू नका. केंद्रांची आणि मेसेजची पानं तेव्हाही अ‍ॅडमिनमध्येच राहू द्या, सचिवांचा नंबर आणि 'पुन्हा पाठवा' तिथेच आहे.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आलेली नाही, ती कळवा: बीट वेगळी सेवा म्हणून चालतं की वर्करलाच 'बी' हा पर्याय लावून सुरू केलंय? तसं असेल तर पान बांधायच्या आधी ते वेगळं करा. एकत्र असलं की वर्करबरोबर बीटही बंद पडतं, आणि उद्या त्याच आज्ञेने दुसरा वर्कर चालू केलात तर दोन बीट होऊन प्रत्येक नियमित काम दोनदा क्यूत पडेल. दहा दिवसांच्या बिलांच्या रात्री तसं झालं तर ते निस्तरणं फार अवघड जाईल.